शेवटच्या तीन आउटचा हिशोब : बेसबॉलमधल्या रिलीफ पिचरचं करिअर असतं तरी कसं?

चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक क्रिकेटप्रेमीला २४ नोव्हेंबर १९९३ ची रात्र आठवत असेल. कलकत्त्याचं ईडन गार्डन्स, हिरो कपची सेमी फायनल. शेवटच्या ओव्हरमध्ये दक्षिण आफ्रिकेला फक्त ६ धावा हव्या होत्या आणि कॅप्टन अझरुद्दीनने चेंडू दिला सचिन तेंडुलकरच्या हातात. सचिनने ३ धावा दिल्या आणि भारत २ धावांनी जिंकला. त्या ओव्हरबद्दल आपण अजून बोलतो.

आता कल्पना करा, एखाद्या खेळाडूचं कामच तेवढं आहे. बॅटिंग नाही, मधल्या ओव्हर नाहीत. सामना संपत आला, आपली टीम थोडक्यात पुढे आहे, समोरचे चवताळलेत, की मग त्याला बोलवायचं. पंधरा-वीस चेंडू टाकायचे आणि घरी जायचं. जमलं तर लोक म्हणणार, त्यात काय, जिंकतच होतो. फसलं तर तीन तास राबलेल्या सगळ्या टीमची मेहनत पाण्यात आणि खापर त्याच्या एकट्याच्या डोक्यावर.

अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये असं काम करणारे लोक आहेत. त्यांना रिलीफ पिचर म्हणतात, आणि त्यांच्यातल्या शेवटच्याला क्लोजर. पनामाच्या एका मच्छीमार गावातून आलेल्या मारियानो रिवेराने हे काम न्यूयॉर्क यँकीजसाठी १९९५ ते २०१३ अशी १९ वर्षं केलं. त्याची गोष्ट मोठी आहेच. पण त्या निमित्ताने आणखी एक प्रश्न समजून घेण्यासारखा आहे. मोजता न येणाऱ्या कामाची किंमत ठरते कशी?

आधी खेळ समजून घेऊ

बेसबॉलचा सामना ९ इनिंगचा. प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही टीम एकेकदा बॅटिंग करतात आणि तीन आउट झाले की बाजू बदलते. चेंडू टाकणारा तो पिचर. तो साधारण साडेसाठ फुटांवरून, जमिनीवर टप्पा न पाडता, थेट बॅटरकडे फेकतो. चेंडूचा वेग ताशी ९०-९५ मैल, म्हणजे दीडशे किलोमीटरच्या आसपास.

आपल्याकडे बोलर एक ओव्हर टाकून विश्रांती घेतो. इथे तसं नाही. सामना सुरू करणारा स्टार्टर पिचर सलग टाकत राहतो. नव्वद-शंभर चेंडू झाले की खांदा आणि कोपर बोलायला लागतात. शिवाय तेच बॅटर तिसऱ्यांदा समोर येतात तोवर त्यांना त्याचा अंदाज आलेला असतो. म्हणून मॅनेजर त्याला काढतो आणि ताजा हात आणतो. तो ताजा हात म्हणजे रिलीफ पिचर.

यातला एक नियम फार महत्त्वाचा. बेसबॉलमध्ये एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. त्यामुळे पिचर बदलणं हा मॅनेजरचा मागे न घेता येणारा निर्णय असतो.

मैदानाच्या कडेला कुंपणाआड बुलपेन नावाची जागा असते. रिलीफ पिचर तिथे बसून असतात. मॅनेजरच्या बाकापासून तिथे फोन असतो. फोन वाजला की ज्याचं नाव घेतलं तो उठतो आणि हात गरम करायला लागतो. कधी हात गरम करूनही बोलावणं येत नाही. त्या दिवशी त्याच्या नावावर काहीच नोंद होत नाही, पण हात मात्र झिजलेला असतो.

टीमच्या २६ खेळाडूंमध्ये जास्तीत जास्त १३ पिचर ठेवता येतात. बहुतेक ठिकाणी त्यातले पाच स्टार्टर आणि आठ रिलीफ. स्टार्टर पाच-सहा दिवसांतून एकदा खेळतो, रिलीफवाल्याला मात्र रोज तयार राहावं लागतं. काल टाकलंय म्हणून आज सुट्टी मिळेलच असं नाही.

एका पत्रकाराने बनवलेला आकडा

पूर्वी रिलीफ पिचर म्हणजे उरलेला माणूस. ज्याला स्टार्टर होता आलं नाही, किंवा ज्याचा हात आता थकला, त्याला मागे बसवायचं. त्याचं काम मोजायला आकडाच नव्हता. पिचरच्या खात्यात फक्त विजय आणि पराभव लिहिले जायचे, आणि ते बहुतेक स्टार्टरच्या नावावर जायचे.

१९५९ मध्ये पिट्सबर्गचा रिलीफ पिचर एल्रॉय फेस याच्या नावावर १८ विजय आणि फक्त १ पराभव लागला. सगळे थक्क. पण शिकागोचा क्रीडा पत्रकार जेरोम होल्ट्झमन याने बारकाईने पाहिलं. काही सामन्यांत फेस आला तेव्हा टीम पुढे होती, त्याने आघाडी घालवली, नंतर त्याच्या बॅटरनी परत रन काढले आणि विजय फेसच्या नावावर जमा झाला. म्हणजे चूक केली आणि बक्षीसही मिळालं! दुसरीकडे जो माणूस येऊन आघाडी जशीच्या तशी राखत होता, त्याच्या नावावर काहीच नाही.

होल्ट्झमनने मग ‘सेव्ह’ नावाचा आकडा मांडला. १९६९ पासून तो अधिकृत झाला. आजचा नियम थोडक्यात असा. जिंकलेल्या टीमसाठी सामना संपवणारा पिचर तो असला पाहिजे आणि विजय त्याच्या स्वतःच्या नावावर लागलेला नसावा. शिवाय तीनपैकी एक गोष्ट हवी. एक, तो आला तेव्हा आघाडी जास्तीत जास्त ३ रनांची असावी आणि त्याने निदान एक इनिंग टाकावी. दोन, बरोबरी करू शकणारा समोरचा माणूस बेसवर, बॅटिंगला किंवा त्याच्या पुढच्या नंबरवर तयार उभा असावा. किंवा तीन, त्याने किमान तीन इनिंग नीट टाकाव्यात.

आकडा आला आणि धंदा बदलला. जे मोजता येतं त्याचा भाव ठरतो, हे कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. सेव्ह मोजायला लागले तसे सेव्ह करणाऱ्यांचे पगार वाढले. १९८० च्या दशकाच्या शेवटी ओकलंडचा मॅनेजर टोनी ला रुसा याने डेनिस एकर्सली या पिचरला जवळजवळ फक्त नवव्या इनिंगपुरतं वापरायला सुरुवात केली आणि तीच पद्धत सगळीकडे रुजली. शेवटची इनिंग ही एक वेगळी नोकरीच झाली. आकडा कामासाठी बनवला होता, पण पुढे काम आकड्याप्रमाणे वाटलं जाऊ लागलं.

कर्ज एकाचं, फेडणारा दुसरा

बेसबॉलच्या हिशोबात आणखी एक गंमत आहे. समजा, स्टार्टरने दोन जणांना बेसवर पोचू दिलं आणि मग त्याला काढलं. नवा रिलीफ पिचर आला. त्याच्या पहिल्याच चेंडूवर फटका बसला आणि ते दोघे घरी पोचले, म्हणजे २ रन झाले. हे रन कोणाच्या खात्यात लागणार? आधीच्या पिचरच्या! कारण ती माणसं बेसवर त्याने जाऊ दिली होती.

नियम न्यायाचा वाटतो. कर्ज ज्याने काढलं, नाव त्याचं. पण त्याची दुसरी बाजू बघा. दुसऱ्याचं कर्ज बुडवणाऱ्या रिलीफवाल्याचं स्वतःचं खातं स्वच्छ राहतं. आणि तेच कर्ज शर्थीने फेडणाऱ्याचं खातंही तेवढंच स्वच्छ दिसतं. सहाव्या इनिंगमध्ये, तिन्ही बेस भरलेले असताना येऊन एकही रन न देता टीमला बाहेर काढणारा माणूस दुसऱ्या दिवशीच्या आकड्यांत जवळपास दिसतच नाही. सामना तिथे वाचलेला असतो, पण सेव्ह मिळतो तो नवव्या इनिंगला तीन रनांच्या आरामशीर आघाडीवर आलेल्याला.

मारियानो रिवेराकडे या पार्श्वभूमीवर बघायला हवं. सेव्हच्या आकड्यात तो सगळ्यांच्या पुढे आहे, पण आकडा बाजूला ठेवला तरी तो मोठाच ठरतो.

मासळीच्या बोटीवरून यँकीजमध्ये

रिवेराचा जन्म २९ नोव्हेंबर १९६९ चा, पनामातला. वाढला पुएर्तो कायमितो या किनाऱ्यावरच्या मच्छीमार वस्तीत. वडील मासळीच्या बोटीवर कप्तान. गावातली पोरं ओहोटी लागली की किनाऱ्यावर खेळायची. दुधाच्या खोक्याचा ग्लोव्ह, झाडाच्या फांदीची बॅट, जुन्या जाळ्याचे तुकडे गुंडाळून केलेला चेंडू. गोव्याच्या किंवा कारवारच्या किनाऱ्यावर वाढलेल्यांना हे चित्र समजावून सांगायला नको.

शाळा सुटल्यावर तोही वडिलांबरोबर बोटीवर गेला. एकदा बोट बुडाली आणि जीव वाचवून पळावं लागलं. हे काम आपलं नव्हे, हे त्याने तेव्हा ठरवलं. तोपर्यंत तो पिचर नव्हताच. स्थानिक टीममध्ये फिल्डिंग करायचा. एका सामन्यात टीमच्या पिचरची धुलाई चालली होती, म्हणून रिवेराला पिचिंगला उभं केलं. ते इतकं चांगलं झालं की मित्रांनी यँकीजच्या माणसाला बोलावून घेतलं. फेब्रुवारी १९९० मध्ये करार झाला. हातात पडले दोन-तीन हजार डॉलर. वय २० आणि इंग्रजीचा शब्द येत नव्हता.

पुढची पाच वर्षं खालच्या लीगमध्ये, म्हणजे मायनर लीगमध्ये गेली. १९९२ मध्ये कोपराचं ऑपरेशन झालं. आणि इथून पुढे यँकीजच्या हातून हा माणूस तीन वेळा निसटता निसटता राहिला.

पहिली वेळ १९९२ च्या शेवटी. दोन नव्या टीम लीगमध्ये येणार होत्या, फ्लोरिडा आणि कोलोरॅडो. जुन्या टीमनी राखून ठेवलेल्या खेळाडूंशिवाय बाकी कोणालाही त्या उचलू शकत होत्या. यँकीजने रिवेराला राखून ठेवलंच नव्हतं. पण ऑपरेशन झालेल्या पोराला कोण घेणार? दोघांनीही सोडलं.

दुसरी वेळ १९९५ ची. २३ मे रोजी रिवेरा पहिल्यांदा मोठ्या लीगमध्ये उतरला, तो स्टार्टर म्हणून. चार इनिंगही पुऱ्या टाकता आल्या नाहीत, ५ रन गेले आणि टीम १०-० ने हरली. जूनमध्ये त्याला खाली पाठवलं. डेट्रॉइटच्या डेव्हिड वेल्स या पिचरच्या बदल्यात त्याला देऊन टाकायची बोलणी सुरू होती. तेवढ्यात खालच्या टीमकडून बातमी आली की रिवेराचा चेंडू अचानक ९५ मैलांच्या वेगाने जातोय. मशीन बिघडलं असेल म्हणून दुसऱ्याकडून खात्री करून घेतली. बातमी खरी निघाली आणि बोलणी थांबली.

तिसरी वेळ १९९६ च्या सीझनआधी. यँकीजला शॉर्टस्टॉपच्या जागेची चिंता होती. सिएटलच्या फेलिक्स फर्मिनच्या बदल्यात रिवेराला द्यावं, असा विचार मालकाच्या डोक्यात घोळत होता. टीमच्या लोकांनी समजूत घातली. त्या जागेवर खेळला डेरेक जीटर नावाचा नवा मुलगा. पुढे जीटर आणि रिवेरा यांनी मिळून पाच वर्ल्ड सिरीज जिंकल्या.

ज्यांचा धंदाच खेळाडूची किंमत ओळखण्याचा, त्यांनाही हाताशी असलेल्या माणसाची किंमत कळली नव्हती, ती अशी.

एकच चेंडू

१९९६ मध्ये रिवेरा क्लोजर नव्हता. क्लोजर होता जॉन वेटलँड. त्याच्या आधीच्या, सातव्या-आठव्या इनिंग रिवेरा टाकायचा. त्या वर्षी त्याने १०७ इनिंगच्या वर टाकल्या आणि १३० जणांना स्ट्राइकआउट केलं. सेव्ह मात्र फक्त ५. तरीही वर्षातल्या सर्वोत्तम पिचरच्या साय यंग पुरस्काराच्या मतदानात तो तिसरा आला. त्याच्या कामाची किंमत सेव्हवर अवलंबून नव्हती, याचा हा चांगला पुरावा.

१९९७ पासून तो क्लोजर झाला. त्याच वर्षी जूनमध्ये सरावात रामिरो मेंडोझा या सहकाऱ्याबरोबर तो चेंडू टाकत होता. सरळ टाकलेला चेंडू शेवटच्या क्षणी बाजूला सरकू लागला. मेंडोझाला तो पकडता येईना. रिवेरा आणि कोच यांनी तो ‘दोष’ घालवायचा प्रयत्न केला, पण चेंडू काही ऐकेना. शेवटी त्यांनी तो तसाच ठेवला. हाच तो प्रसिद्ध ‘कटर’.

कटर दिसतो साध्या फास्टबॉलसारखा. पण बॅटरजवळ आल्यावर काही इंच सरकतो. डावखुऱ्या बॅटरच्या तो अंगात घुसतो. मग चेंडू बॅटच्या जाड भागावर बसण्याऐवजी मुठीजवळच्या बारीक भागावर बसतो आणि लाकडी बॅट मोडते. रिवेराने इतक्या बॅटी मोडल्या की २०१३ मध्ये मिनेसोटाच्या टीमने मोडक्या बॅटींची एक डुलती खुर्ची बनवून त्याला निरोपाची भेट दिली!

बहुतेक पिचर तीन-चार तऱ्हेचे चेंडू मिसळून टाकतात. रिवेरा पुढची सोळा वर्षं बहुतांश हा एकच टाकत राहिला. काय येणार हे बॅटरला माहीत असायचं, तरी उपयोग नव्हता. चेंडू नेमका कुठे टाकायचा यावर त्याचा विलक्षण ताबा होता आणि प्रत्येक वेळी हात सारखाच फिरायचा. एक इनिंगच टाकायची असल्यामुळे एका सामन्यात तोच बॅटर त्याच्यासमोर दोनदा क्वचितच यायचा. रिलीफच्या कामाची ही सोय त्याने पुरेपूर वापरली.

फसलेले दिवस

रिवेराच्या नावावर ६५२ सेव्ह आहेत. लीगच्या इतिहासात सर्वात जास्त. ट्रेव्हर हॉफमनचा ६०१ चा विक्रम त्याने १९ सप्टेंबर २०११ ला मोडला. पण ८० वेळा तो फसलाही आहे. आणि प्लेऑफमध्ये फसल्याचे काही प्रसंग तर साऱ्या देशाने पाहिले.

१९९७ च्या प्लेऑफमध्ये, क्लोजर म्हणून पहिल्याच वर्षी, क्लीव्हलँडच्या सँडी अलोमारने त्याला होमरन मारला. यँकीज स्पर्धेतून गेले. तरुण क्लोजरचं करिअर असा एक फटका संपवू शकतो. पुढच्या वर्षी रिवेरा परत आला आणि १९९८, १९९९, २००० अशा सलग तीन वर्ल्ड सिरीज यँकीजने जिंकल्या. १९९९ च्या सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू तोच.

४ नोव्हेंबर २००१. न्यूयॉर्कवर झालेल्या हल्ल्याला दोन महिनेही झाले नव्हते. ॲरिझोनाविरुद्ध वर्ल्ड सिरीजचा सातवा, निर्णायक सामना. यँकीज २-१ ने पुढे. आठव्या इनिंगमध्ये रिवेराने तिघांना स्ट्राइकआउट केलं. नवव्या इनिंगमध्ये मात्र घात झाला. एक हिट, मग एका बंटवर त्याने स्वतःच सेकंड बेसकडे चुकीचा थ्रो केला, मग बरोबरी. शेवटी लुईस गोन्झालेझची बॅट जेमतेम लागलेला चेंडू फिल्डरच्या डोक्यावरून अलगद पडला. सिरीज गेली.

त्याचा पुढचा भाग ऐकण्यासारखा आहे. यँकीजचा एनरिके विल्सन हा खेळाडू विजयाच्या मिरवणुकीनंतर डोमिनिकन रिपब्लिकला घरी जाणार होता. टीम हरली, मिरवणूक रद्द, म्हणून तो आधीच निघून गेला. तो ज्या विमानाने जाणार होता ते १२ नोव्हेंबरला न्यूयॉर्कमध्ये कोसळलं आणि विमानातलं कोणीही वाचलं नाही. आपण हरलो ते बरं झालं, मित्र तरी वाचला, असं रिवेराने नंतर बोलून दाखवलं.

२००४ मध्ये तर आठवड्याभरात सगळंच आलं. बोस्टनविरुद्धची मालिका सुरू होण्याआधी पनामात त्याच्या घरच्या पोहण्याच्या तलावात विजेचा धक्का बसून पत्नीच्या नात्यातले दोघे गेले. तो अंत्यविधीला गेला, त्याच दिवशी विमानाने परतला, सामना सुरू असताना मैदानावर पोचला आणि सेव्ह केला. काही दिवसांनी चौथ्या सामन्यात, यँकीज मालिकेत ३-० ने पुढे असताना, नवव्या इनिंगमध्ये त्याच्या हातून आघाडी गेली. डेव्ह रॉबर्ट्सने सेकंड बेस चोरला, मग बिल म्युलरच्या हिटवर बरोबरी. बोस्टनने तो सामना जिंकला आणि मग सलग चारही जिंकून मालिका फिरवली. लीगच्या इतिहासात ०-३ वरून मालिका फिरवणारी ती पहिली टीम.

२००५ च्या एप्रिलमध्ये बोस्टनच्या मैदानावर रिवेराचं नाव पुकारलं, तेव्हा प्रेक्षकांनी खवचटपणे टाळ्यांचा कडकडाट केला. तुझ्यामुळेच जिंकलो, असा त्याचा अर्थ. रिवेराने हसून त्यांना दाद दिली.

या पेशाचं मर्म इथे आहे. स्टार्टरला पराभवावर विचार करायला चार-पाच दिवस मिळतात. क्लोजरला बहुतेकदा दुसऱ्याच रात्री पुन्हा उभं राहायचं असतं, कदाचित त्याच बॅटरसमोर. कालचं ओझं घेऊन तो आला तर आजचाही सामना गेला. प्लेऑफच्या मोठ्या सामन्यांत रिवेराने १४१ इनिंग टाकल्या आणि त्याची सरासरी होती ०.७०, म्हणजे दर ९ इनिंगला एक रनही नाही. २००१ आणि २००४ त्यात धरूनच.

बाकीच्यांचं काय?

रिवेराने करिअरमध्ये सुमारे १७ कोटी डॉलर कमावले. पण तो अपवाद. सर्वसाधारण रिलीफ पिचरचं आयुष्य पाहायचं तर आर्थिक बाजू बघावी लागेल.

मोठ्या लीगमध्ये २०२५ चा किमान पगार ७,६०,००० डॉलर होता. आपल्या रुपयात सहा कोटींच्या वर. मात्र तो दिवसावर मिळतो. जितके दिवस वरच्या टीममध्ये, तितक्याच दिवसांचा, म्हणजे दिवसाला साधारण चार हजार डॉलर. त्याच्या लगेच खालच्या ट्रिपल-ए लीगमध्ये, क्लबच्या ४० जणांच्या मुख्य यादीत नसलेल्या खेळाडूचा किमान पगार २०२३ च्या करारानंतर वर्षाला ३५,८०० डॉलर झाला. त्याआधी तो याच्या निम्म्यावर होता.

आता हे बघा. एखादा सामना लांबला, चौदा इनिंगपर्यंत गेला. रिलीफवाल्याने येऊन तीन-चार इनिंग टाकल्या आणि सामना वाचवला. शाबासकी काय? दुसऱ्या दिवशी सकाळी त्यालाच खालच्या टीममध्ये पाठवतात, कारण त्याचा हात आता दोन-तीन दिवस चालणार नाही आणि टीमला ताजा हात हवा आहे. चांगलं काम केलं म्हणून बदली! हे इतकं वाढलं होतं की २०२२ च्या करारात खेळाडूंच्या संघटनेने मर्यादा घालून घेतली. एका सीझनमध्ये एका खेळाडूला पाचपेक्षा जास्त वेळा असं सहज खाली पाठवता येत नाही.

वरच्या टीममधला प्रत्येक दिवस सर्व्हिस म्हणून मोजला जातो. १७२ दिवसांचं एक वर्ष धरतात. ४३ दिवस भरले की पेन्शनचा किमान हक्क लागतो, पूर्ण पेन्शनसाठी १० वर्षं. सहा वर्षं भरली की हव्या त्या टीमशी करार करता येतो. एखाद्याचं करिअर ४१ दिवसांवर थांबलं तर काय, हे सरकारी नोकरीत कंत्राटी दिवस मोजणाऱ्यांना सांगायला नको.

हातावर तर कायमच टांगती तलवार. कोपराच्या आतला स्नायुबंध तुटणं हा पिचरचा ठरलेला आजार. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या पिचरवर शरीरातलाच दुसरीकडचा स्नायुबंध बसवण्याचं ऑपरेशन पहिल्यांदा केलं. आज ते त्याच्याच नावाने ओळखलं जातं. परत यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. काहीजण येतच नाहीत.

आणि कधी नियमच नोकरी खातो. एकाच डावखुऱ्या बॅटरपुरता येऊन परत जाणारा डावखुरा पिचर, ही एक जुनी जमात होती. २०२० पासून नियम आला, की आलेल्या पिचरने किमान तीन बॅटरना टाकावं किंवा इनिंग संपवावी. एका ओळीच्या नियमाने तो धंदा जवळपास बंद पडला.

भारताचा यातला धागा छोटा, पण खरा आहे. २००८ मध्ये भारतात वेगाने चेंडू फेकण्याची एक स्पर्धा झाली. ती जिंकणारा उत्तर प्रदेशच्या भदोही भागातला भालाफेकपटू रिंकू सिंग आणि त्याचा साथी दिनेश पटेल यांना पिट्सबर्गच्या क्लबने करारबद्ध केलं. बेसबॉल कधी न खेळलेला रिंकू मायनर लीगमध्ये रिलीफ पिचर म्हणून काही वर्षं खेळला. दुखापतींनी पुढची वाट अडवली. मोठ्या लीगपर्यंत तो पोचला नाही, पुढे कुस्तीच्या शोमध्ये गेला. रिलीफ पिचरचं सरासरी करिअर रिवेरापेक्षा या रिंकूच्या जवळचं असतं.

शेवटची नोंद

३ मे २०१२ ला कॅन्सस सिटीत सरावाच्या वेळी उंच चेंडू पकडताना रिवेराचा गुडघा गेला. वय ४२. इथेच संपलं असं सगळ्यांना वाटलं. त्याने दुसऱ्याच दिवशी सांगितलं, परत येणार. २०१३ मध्ये तो आला आणि ४४ सेव्ह करून मगच निवृत्त झाला.

न्यूयॉर्कमधला त्याचा शेवटचा सामना २६ सप्टेंबर २०१३ चा. टॅम्पा बे विरुद्ध यँकीज ४-० ने हरत होते, त्यामुळे सेव्हचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्याने बेसवर जाऊ दिलेली माणसं असताना आठव्या इनिंगमध्ये तो आला. चार बॅटर समोर आले, चौघेही आउट. नवव्या इनिंगमध्ये दोन आउट झाल्यावर पिचर बदलायला मॅनेजर आला नाही. आले त्याचे जुने सोबती, डेरेक जीटर आणि अँडी पेटिट. रिवेरा पेटिटच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला.

जानेवारी २०१९ मध्ये कूपरस्टाउनच्या हॉल ऑफ फेमसाठी त्याची निवड झाली. ४२५ पैकी ४२५ मतं. एकही मत विरोधात न जाता निवडला गेलेला पहिला खेळाडू, आणि तोही स्टार्टर किंवा मोठा बॅटर नव्हे, तर एकेकाळी उरलेल्यांचं समजलं जाणारं काम करणारा.

त्या शेवटच्या रात्रीच्या स्कोअरकार्डवर मात्र विजय नाही, सेव्ह नाही. चार आउट, आणि दुसऱ्याच्या खात्यावरचे न झालेले रन.